नख सरळ कापायचं

"पाय दाखीव."

कुणाच्याही घरी गेलं की आधी 'या, बसा' होतं, मग पाण्याचा तांब्या येतो. आमच्या गल्लीतल्या आक्कांच्या दारात मात्र आधी पाय दाखवावा लागायचा. तोंड त्या नंतर बघायच्या. आक्का अर्धी गल्ली टाचांवरून ओळखतात, असं माझी आई म्हणायची. ते खरंच होतं. दाराच्या पडद्याखालून नुसते पाय दिसले, तरी त्या आतून नाव घेऊन हाक मारायच्या.

आक्का मूळच्या कुरुंदवाडकडच्या. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात आयाबाई म्हणून त्यांनी सारी नोकरी केली. निवृत्त झाल्या तेव्हा मी बालवाडीत शिकवायला लागले होते. घरात त्या एकट्याच. बाकीच्या बायका निवृत्तीनंतर देवधर्माला लागतात, आक्का पायांना लागल्या.

"दवाखान्यात समदी तोंडाकडं बगत्यात," त्या म्हणायच्या. "पायाला कोण वाली हाय?"

त्यांचा सगळा दवाखाना एका घमेल्यात मावायचा. मीठ, पाय घासायची वजरी, नेलकटर, कापूस आणि कोकमाच्या तेलाचा एक पांढरा गोळा. टाचांना भेगा पडल्या की पाय कोमट पाण्यात, मग हलक्या हातानं वजरी, मग पाय कोरडे करून कोकमाचं तेल. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की तेल अजिबात नाही. नुसतं कोरडं ठेवायचं. "बेचकं पुसायला काय हात मोडलं व्हय तुझं?" हे औषधाबरोबर फुकट.

आणि नखं. नखांच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत, नाहीतर ते मांसात घुसतं. कुणी हौसेनं गोल कापून आलं की त्या नेलकटर काढून घ्यायच्या.

"गोल काय कापतीस? टिकली हाय व्हय ती?"

ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी शाळा गप्प व्हायची, ते आमचे हेडमास्तर एकदा अंगठ्याचं नख घुसलं म्हणून आक्कांकडे आले. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून, घमेल्यात पाय सोडून बसले आणि आक्कांनी नखाखाली कापसाचा धागा सरकवताच "आई गं!" म्हणून केवढ्यानं ओरडले. समोरून त्यांच्याच शाळेतली पोरं चालली होती. पुढचे आठ दिवस शाळेत शिस्त नव्हती असं म्हणतात.

आता मोठ्या बाईनं आपला पाय मांडीवर घ्यायचा म्हणजे कसंसंच होतं. म्हणून पाय सुटला की जो तो त्यांच्या पायाशी वाकायचा. आक्का तेवढ्यात पाय साडीखाली ओढून घ्यायच्या.

"लांबनं कर. पोचला."

शिवाय त्यांच्या पायांत बारा महिने पांढरे मोजे. विचारलं तर म्हणायच्या, "थंडी वाजतीया." ऐन मे महिन्यात! साऱ्या गल्लीचे पाय बघणाऱ्या बाईचे पाय कुणीच पाहिले नव्हते. सहा बोटं असतील, असा शेजारच्या काकूंचा अंदाज होता. गल्लीत तोच ग्राह्य धरला जायचा.

आक्कांना साखर होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्या स्वतःच सांगायच्या. साखर असलेला कुणी आला की त्या घमेल्याला हात लावायच्या नाहीत. "तू दवाखान्यात जा. साखरवाल्याचा पाय म्हंजी गंमत न्हाय. दुकत न्हाय म्हनून गप बसला, तर जाईल की पाय." कुरूप असो नाहीतर भेग, त्यांच्या दारातून तो माणूस थेट डॉक्टरकडे रवाना व्हायचा.

कुरूप म्हटलं की माझं लग्न आठवतं. दिवसभर बालवाडीत उभं राहून आणि घट्ट चपला घालून माझ्या उजव्या तळव्याला कुरूप झालं होतं. नेमकं तेव्हाच पेठ वडगावहून मला बघायला पाहुणे आले. आक्का आईला मदत करायला स्वयंपाकघरात. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले ते पाय वाकडा टाकतच. मुलाची मावशी शेजारी बसलेल्या बाईला हळूच म्हणाली, "पोरगी लंगडती काय वो?"

ते आक्कांनी ऐकलं. त्या उंबऱ्यावर आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लंगडी न्हाय वो पावणं, कुरूप हाय नुसतं!"

वडिलांच्या हातातली बशी कलंडली. मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि त्यांना ते पटत चाललंय असं मला वाटलं. त्या क्षणी भूमी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

"काय झालं?" आक्कांना काही कळेना. "पंधरा दिसांत जातंय की कुरूप! ह्ये बगा." असं म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत माझा पाय उचलला आणि तळवा पाहुण्यांसमोर धरला. मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याच्या आईनंही हळूच टाच पुढं केली, "माज्या ह्या भेगा बगा की जरा."

लग्न ठरलं. नवरा कोल्हापुरातच नोकरीला होता, म्हणून दोन गल्ल्या सोडूनच आम्ही घर घेतलं. अजूनही मी नटूनथटून निघाले की तो म्हणतो, "लंगडी न्हाय, कुरूप हाय नुसतं." माझं कुरूप कोमट पाणी, वजरी आणि सैल चपला यांनी महिनाभरात गेलं. आक्कांनी तेव्हा एकच दम भरला होता, "ब्लेड लावलंस तर हात मोडीन."

बरीच वर्षं गेली. एका दुपारी मी आक्कांकडे गेले. त्यांनी माझे पाय पाहिले, वजरी वापरत नाही म्हणून रागावल्या आणि चहा ठेवायला उठल्या. तेव्हा मला त्यांच्या मोज्याच्या टोकाला एक तपकिरी डाग दिसला.

"चहा सांडलाय," त्या म्हणाल्या.

"आक्का, पाय दाखवा."

"हूं! मलाच शिकीव आता."

मी त्यांना ओळखून होते. नमस्काराला वाकले, आणि त्यांनी पाय ओढून घ्यायच्या आत घोटा धरला. मोजा काढला. टाच उन्हाळ्यातल्या शेतासारखी भेगाळलेली, आणि करंगळी काळीनिळी पडलेली. सहावं बोट कुठंच नव्हतं.

"कुरूप झालतं," आक्का खाली बघत म्हणाल्या. "ब्लेडनं काडलं मी."

मला इतका राग आला की मी त्यांच्यावर ओरडले. जन्मात पहिल्यांदाच. "दुसऱ्यांचे हात मोडत होता ना तुम्ही!"

"दुकत न्हाय की गं," त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या. "आन् दावणार कुणाला? गल्लीचं पाय मी बगतो, आन् माजंच असलं. लोकं हसली असती."

मला रडू आलं. एवढ्यासाठी मे महिन्यात मोजे! रिक्षा बोलावून मी त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. रिक्षात त्यांनी माझा हात सोडला नाही. "समदा पाय काडत्याल व्हय गं?" हे त्यांनी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी रिक्षावाल्याला 'जरा लवकर घ्या' म्हटलं.

करंगळी गेली. पाय वाचला. आणखी थोडे दिवस गेले असते तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर आक्का शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "पाय दाखीव."

त्यानंतर डॉक्टरांना विचारून दर रविवारी त्यांची नखं मी कापायची, असं ठरलं. मोजे काढायला त्या आधी कुरकुरायच्या, मग पाय माझ्या मांडीवर टाकून डोळे मिटायच्या. "उरक की. नऊच तर हाईत." नखाचा कोपरा जरा वाकडा गेला तर डोळे न उघडता त्यांना कळायचं.

आक्का गेल्या त्या सकाळी सगळी गल्ली जमली. हेडमास्तर आले, शेजारच्या काकू आल्या. आक्कांचे मोजे मीच काढून ठेवले होते. कुणालाच 'लांबनं कर' ऐकू आलं नाही. एकेक जण त्यांच्या पायांवर डोकं टेकवत होता आणि कुणीही हसलं नाही.

माझी पाळी आली. वाकले तेव्हा दिसलं, डाव्या अंगठ्याचं नख आदल्या रविवारी माझ्याकडून घाईत गोल कापलं गेलं होतं. त्या दिवशी आक्का काही बोलल्या नव्हत्या. मी तो अंगठा धरून बसले. नवरा मागून हळूच म्हणाला, "ऊठ आता." पण मला उठवेना. तेवढं एक नख सरळ करून द्यायचं राहिलं होतं.