खसाचं अत्तर

मोहालीत मुलाच्या फ्लॅटबाहेर आज खसाच्या अत्तराचा वास आला. तो उस्मानभाईंचा वास.

तरुणपणी आम्ही साताऱ्याहून जमातीबरोबर चंदीगडजवळच्या खेड्यांत दीनची दावत द्यायला, म्हणजे लोकांना धर्माकडे बोलवायला, आलो होतो. मुक्काम एका ओसाड मशिदीत होता. बाकीचे घरोघर जायला निघाले की एकाने मागे दुआ करत बसायचं, ही आमची रीत. त्या दिवशी पाळी उस्मानभाईंची होती, आणि जमातीचा अमीर, म्हणजे प्रमुख, मी.

"अमीरसाहेब, छतातून माती गळतेय. बाहेर ओट्यावर बसू का?"

"मातीला काय भिता? आतच बसा. आम्ही येईपर्यंत उठू नका."

परतलो तेव्हा छत कोसळलेलं होतं. ढिगाऱ्यातून खसाचा वास येत होता आणि अल्लाहचं नाव घेणारा त्यांचा संथ आवाज. मी ओरडून सलाम केला, तसा आवाज थांबला. बाहेर काढलं तेव्हा अंग थंडगार, ताठ झालेलं होतं. ते कधीचेच गेले होते.

ते आपणहून आत बसले, असं मी त्यांच्या बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. मीच बसवलं होतं.

आज सुनेने दार उघडून पाहिलं. "अब्बा, बाहेर कुणीच नाही."

मी तरीही सलाम केला. वास गेला नाही.