कुंड्यांत अडकलेला जीव

झाडं लावली की मन शांत होतं, असं लोक सांगतात. सांगणाऱ्यांनी एकदा मोताळ्याला येऊन आमचं मंडळ पाहावं! आम्ही भेटलो की दोन मिनिटं फुलांबद्दल बोलतो आणि पुढचा तासभर नुसती काळजी करतो. कुणाची कळी गळाली, कुणाच्या लिंबावर अळी पडली, नळ कधी येणार. या धास्तीतून किस्से आपोआप साठत जातात. चहाला बसलं आणि एकाने एक काढला, की मागून बाकीचे निघतातच.

मंडळ म्हणजे खरं तर तिघंच. नारखेडे सर, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. नलूताई, सरकारी दवाखान्यात नर्स. आणि मी, सरांच्याच शाळेतला क्लार्क. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणखी दहा-बारा जण आहेत, पण ते फक्त सकाळी गुलाबाचे फोटो पाठवतात. दुसऱ्याच्या गुलाबाचे!

* * *

पहिली फजिती माझीच.

पावसाळ्यात सरांनी मला गावठी गुलाबाची एक फांदी दिली. म्हणाले, "लावा आणि विसरून जा." लावली. पण विसरणं काही जमेना. हिला मुळं फुटली असतील का? कुजली तर नसेल? मग मी रोज ऑफिसला जायच्या आधी ती हळूच उपटायचो, खालचं टोक पाहायचो आणि परत खोचून ठेवायचो. असं बारा दिवस चाललं.

तेराव्या दिवशी फांदी काळी पडली. मी ती घेऊन सरांकडे गेलो आणि खरं काय ते सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला. "कोणी रोज रात्री तुमचं पांघरूण ओढून, झोप लागली काय, झोप लागली काय, असं इचारलं, तं तुम्हाले झोप लागल काय हो?"

* * *

त्याच पावसाळ्यात आठ दिवसांची झड लागली. सूर्य दिसेना. नलूताईंनी नुकताच सोनचाफा आणला होता. तो पिवळा पडायला लागला तशी त्यांची झोप उडाली.

ड्युटीवर असताना त्यांनी सरांना सल्ला विचारायला मेसेज टाकला. "कालपासून पिवळं पडून राह्यलं. आता तं मान पण टाकली. पाणी बंद करू का?"

घाईत मेसेज गेला दवाखान्याच्या ग्रुपवर!

दुसऱ्या मिनिटाला डॉक्टर जिन्यावरून धावत वॉर्डात. मागे दोन सिस्टर, ऑक्सिजनचं सिलिंडर ओढत.

"नलिनी सिस्टर! कोणता बेड नंबर?"

नलूताईंनी मोबाइल काढून पाहिला. मग कशाबशा म्हणाल्या, "सर, बेड नाही... कुंडी."

डॉक्टर भले माणूस. खुर्चीवर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "मग बंदच करा पाणी."

चाफा वाचला, हे सांगायला पाहिजे.

* * *

हिवाळ्यात जांब लागतात, म्हणजे पेरू. आणि जांब लागले की वानरं येतात. आमच्या अंगणातल्या झाडावर पहिल्यांदाच सतरा फळं धरली होती. मी सकाळ-संध्याकाळ मोजायचो. ऑफिसात बसलो तरी चित्त झाडावर. शाळेच्या पत्र्यावर धडधड झाली की मी फाइल टाकून खिडकीत.

बायकोने आठवडी बाजारातून एक कापडी वाघ आणला. चांगला मांजराएवढा, मिशा असलेला. आम्ही तो फांदीला बांधला. दोन दिवस एक वानर फिरकलं नाही. मी जग जिंकल्यासारखा ग्रुपवर फोटो टाकला.

तिसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला. "लवकर या!"

"जांब नेले काय?"

"जांब तं खाल्ले. वाघ बी नेला!"

सायकल दामटत घरी पोचलो. समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक म्हातारी वानरीण बसली होती. वाघ मांडीवर आडवा, आणि ती मन लावून त्याच्या उवा पाहत होती!

* * *

फाल्गुनात गारा पडल्या, तो दिवस काही विसरता येत नाही.

नलूताई दवाखान्यात. आभाळ काळं झालं तसा त्यांनी नवऱ्याला, प्रकाशरावांना फोन केला. त्यांचं कापडाचं दुकान घराखालीच आहे. "सगळं सोडा, आधी गच्चीवरच्या कुंड्या आत घ्या!"

प्रकाशराव साधा माणूस. बायकोने सांगितलं ते करणारा. गिऱ्हाईक तसंच सोडून ते वर धावले. बोराएवढ्या गारा सुरू झाल्या होत्या. डोक्यावर पोतं घेऊन त्यांनी एकेक करत बत्तीस कुंड्या जिन्यात आणल्या, दार ओढलं, कडी लावली आणि धापा टाकत फोन केला.

"सगळ्या आणल्या. एक पान तुटू दिलं नाही!"

"आणि आई?"

"आई कुठं हाय?"

"अहो, त्या कुरड्या वाळवायला गच्चीवर गेल्या होत्या ना!"

प्रकाशरावांच्या हातातून फोन पडला. कडी काढून ते बाहेर धावले. आई टाकीच्या मागे, बाजेखाली अंग चोरून बसल्या होत्या, डोक्यावर परात धरून. गारांच्या आवाजात त्यांच्या हाका कोणाला ऐकू आल्या नव्हत्या. हातावर दोन टेंगळं आली होती. बाकी देवाची कृपा.

मुलाने त्यांना उचलून जिन्यात आणलं. तो रडायच्या बेतात होता. आईंनी आधी बत्तीस कुंड्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"मी कुंडीत उभी राह्यली असती, तं नेलं असतं काय रे तू मले?"

* * *

आणि हा किस्सा मे महिन्यातला.

नारखेडे सरांना छातीत दुखायला लागलं. तातडीने बुलढाण्याला हलवलं. पुण्याहून मुलगा आला. सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, घराला कुलूप लावलं आणि त्या सरांजवळ राहिल्या. तीन दिवस आमच्यातला कोणी धड जेवला नाही.

चौथ्या दिवशी मला आत सोडलं. नळ्या लावलेल्या, आवाज खोल गेलेला. सरांनी खुणेने जवळ बोलावलं.

"झाडं?"

ऊन चव्वेचाळीस डिग्री, नऊ दिवसांपासून नळ नाही आणि सरांच्या अंगणात साठ कुंड्या. गेटची चावी काकूंकडे. ती मागायची कोणाची छाती होती? काकू झाडांना सवती म्हणायच्या. "एक दिवस सगळ्या उकिरड्यावर फेकीन," असं आमच्यासमोर कितीदा म्हणाल्या असतील. आणि अशा वेळी नवरा आत पडलेला असताना कुंड्यांची गोष्ट काढायची?

डॉक्टरांनी बजावलं होतं, पेशंटला टेन्शन देऊ नका. मी सांगून टाकलं, "टवटवीत आहेत सर. मी रोज पाणी घालून राह्यलो."

सरांनी डोळे मिटले. माझा हात मात्र सोडला नाही.

पुढे रोज तेच. ते विचारायचे, मी खोटं बोलायचो. दहाव्या दिवशी मला राहवेना. सर घरी येतील आणि साठ वाळलेल्या काड्या पाहतील, तेव्हा काय होईल? मी नलूताईंना म्हटलं, "जेवढी वाचतील तेवढी वाचवू."

सकाळी सातला आम्ही दोघं दोन-दोन कॅन पाणी घेऊन गेलो. नलूताई भिंतीशी कॅन धरून उभ्या. मी कसाबसा चढलो, एक पाय आत टाकला.

"गेट उघडं हाय. भिंतीवरून काऊन येऊन राह्यले?"

अंगणात काकू! पदर खोचलेला, हातात तांब्या, जवळ बादली. आणि साठच्या साठ कुंड्या हिरव्यागार. मोगरा तर भरून आलेला.

काकू रोज पहाटे देवाला जातात, असं त्यांचा मुलगा आम्हाला सांगायचा. देव कसला! पहिल्या एसटीने त्या मोताळ्याला यायच्या, हौदातलं पाणी तांब्या-तांब्याने पुरवून घालायच्या आणि पुढच्या गाडीने परत बुलढाण्याला.

मी भिंतीवरून काही बोलणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "त्याइले सांगू नका. शपथ हाय तुम्हाले."

चार दिवसांनी सर घरी आले. मुलाचा हात धरून एकेका कुंडीपाशी थांबले, माती चिमटीत घेऊन पाहिली. मग माझ्याजवळ आले आणि त्यांनी चक्क हात जोडले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी नलूताईंकडे पाहिलं, तर त्या दुसरीकडे पाहत होत्या.

सर काकूंकडे वळले. "पाह्य, परक्या माणसानं एवढं केलं. तू एवढ्या वर्षांत एक तांब्या तरी टाकला काय कधी?"

काकू दारात उभ्या होत्या. हातात औषधाची पट्टी.

"मले कुठं येते त्यातलं?" त्या म्हणाल्या. "चला आत, गोळीचा टाइम झाला."