गावदेवीने नाही म्हटलं ते वर्ष

गावदेवीवर रुसायची वेळ माझ्यावर एकदाच आली. कशेळ्याजवळच्या आमच्या गावात बायकांचा कबड्डी संघ आहे आणि त्यात पहिली चढाई माझी असते. लग्न होऊन आल्यावर मी मैदानात उतरले तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. सासूबाईंनी एकदाच सांगितलं, "माजी सून खेळंल." तेव्हापासून जत्रेतला सामना आम्ही क्वचितच हरलो. हे मी मिरवूनच सांगते.

त्या वर्षी जत्रेच्या तोंडावर सरावात वळताना माझा गुडघा फिरला. खोपोलीला खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरबाई आहेत. त्यांनी तपासून सांगितलं, गुडघ्यातला हाडं धरून ठेवणारा बंध अर्धवट फाटलाय, व्यायामाने पाय तयार होईपर्यंत मैदान बंद. मी मान डोलावली आणि घरी येऊन आंबेहळदीचा लेप लावला. सूज उतरली की दुखणं गेलं असंच आमच्याकडे धरतात. सूज उतरली, आणि पट्टी बांधून खेळायचं मी ठरवूनही टाकलं.

सासूबाई म्हणाल्या, "देवीला इचारू." आमच्या गावात लग्न असो की विहीर, देवीला कौल लावल्याशिवाय पाऊल पडत नाही. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याचं देवीला गाऱ्हाणं घालून संपायच्या आत डावी पडली.

"नीट चिकटली नसेल," मी पुटपुटले.

"देवीला शिकवू नको गं. ती नाय म्हणते म्हंजे नाय," सासूबाईंनी दटावलं.

जत्रेत मी बाहेर बसले, आम्ही हरलो आणि मी ढसाढसा रडले. नंतर डॉक्टरबाईंनी गुडघा हलवून पाहिला. तो अजून सैल होता. खेळले असते तर उरलेला बंधही गेला असता, असं त्या म्हणाल्या. सासूबाई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. पाकळी का पडली हे मी कुणाला पटवायला जात नाही. मी देवळात जाऊन नाक घासलं, इतकंच.

मग व्यायाम. पायाला वजन म्हणून भाताच्या दाण्यांची पुरचुंडी बांधून पाय उचलायचा, एका पायावर उभं राहून भाकऱ्या थापायच्या. कंटाळा केला की सासूबाई समोर येऊन बसत. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या जोरावर आत येत नाही. आतल्या कुणीतरी समोरचा गडी मारावा लागतो, तोवर रेषेबाहेर बसायचं. इतकी वर्षं खेळून शरण जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझ्यासाठी आत तिघी खेळत होत्या, देवी, डॉक्टरबाई आणि सासूबाई.

पुढच्या जत्रेआधी डॉक्टरबाईंनी मला पळवून पाहिलं, त्याच पायावर उड्या मारायला लावल्या, गर्रकन वळवलं आणि म्हणाल्या, "जा, खेळ." मी घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, चला, कौल लावू.

त्या तांदूळ निवडत होत्या. "डाक्टरीण हो म्हणाली ना? मग देवीनं आनखी कितींदा सांगायचं?"

जत्रेच्या दिवशी मी मैदानाची माती कपाळाला लावली, पहिल्याच चढाईत दोघींना शिवलं आणि त्याच गुडघ्यावर वळून परत आले. देवळाच्या पायरीवरून सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "माजी सून हाय ती." देवीच्या दारात त्याहून मोठा प्रसाद मला अजून मिळालेला नाही.