कालव्यात न सापडलेली बाई

त्या दुपारची आठवण निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही.

ठाकुर्लीच्या पुढे रेल्वेचा एक पूल आहे. त्याखालचा जुना दगडी कालवा कित्येक वर्षं गाळानं भरलेला होता. तो नुकताच उपसून काठ पुन्हा बांधायचं काम चालू होतं. त्या दिवशी तिशीतला एक तरुण धापा टाकत आमच्या पोलीस ठाण्यात शिरला. "साहेब, माझी ताई पुलावरून पडली! डोळ्यांदेखत खाडीकडे वाहत गेली."

स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही निघालो. रुळांलगत तिची चप्पल सापडली. अग्निशमन दलानं गळ टाकले. तिचा नवराही आला. "बॉडी कधी मिळेल?" एवढंच तो विचारत होता.

तेवढ्यात कालव्याची देखरेख करणाऱ्या बाईंनी मला बाजूला बोलावलं. "साहेब, पाणी वाहतंय कुठं? भिंतीच्या कामासाठी सकाळपासून कालव्याची दोन्हीकडची दारं बंद हायत. इथं पडलेलं इथंच गावलं असतं."

भावाला ठाण्यात आणून माझ्या खोलीत बसवलं. नवरा बाहेर बाकावर होता.

"पाणी साचलेलं आहे. बहीण कुठे आहे?"

यानंच तिचं काही बरंवाईट केलं की काय, या संशयानं मी आवाज चढवला. त्याची नजर दाराकडे गेली.

"हळू बोला साहेब, तो ऐकेल. ताई दिवा स्टेशनजवळ मावशीकडे आहे. दोनदा तिला घेऊन इथे आलेलो. हातावर चटके होते. तुम्हीच म्हणालात, नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी मिटवा. ती मेली असं वाटलं तरच तो तिला शोधायचं थांबवेल."

मी आठवून पाहिलं. मला तिचा चेहराही आठवेना.

नवऱ्यावर लक्ष ठेवायला सांगून, महिला शिपायाला घेऊन मी साध्या कपड्यांत दिव्याला गेलो. मावशीच्या घराचं दार उघडेना. आतून त्याची बहीण म्हणाली, "परत त्याच्याकडे पाठवणार असाल, तर मी बाहेर येणार नाही."

"जबाब घ्यायला आलोय."

"सगळा लिहून घ्याल?"

मी जिन्यातच बसलो. बंद दाराआडून ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तिसऱ्या पानावर कडी वाजली.

त्याच संध्याकाळी गुन्हा दाखल करून नवऱ्याला अटक केली. भावानं खोटी खबर दिली होती, तेही अहवालात लिहिलं. तशी वेळ त्याच्यावर कुणी आणली, तेही लिहिलं.

सहकारी अजून म्हणतात, तासाभरात खोटं पकडलंत. पण खरं बोलणारी बाई दोनदा माझ्यासमोर बसून गेली होती आणि मी पेनसुद्धा उचललं नव्हतं.