व्याह्याच्या दारात तागी

तागीला नातवाची बातमी दिली ती सुईणीनं, आणि तीही उभ्या उभ्या, डोक्यावरची घागर न उतरवता.

"मुलगा झाला हो तुझ्या लेकीला, दनतियेला. आज चौथा दिवस. बाळंतीण बरी आहे."

"चौथा दिवस? आणि मला आज कळतंय?"

"कुणाला सांगू नको म्हणून बजावलंय मला तिथं." सुईणीनं आळीत इकडंतिकडं बघितलं. "पोराचा डावा पाय आत वळलेला आहे. तुझ्यासारखाच. विहीणबाई म्हणतात, आठव्या दिवशी सुंता, चार पाहुणे येणार, त्याच्या आत काय ते ठरवा. हेब्रोनकडचे मेंढपाळ आलेत वेशीबाहेर. त्यांना देऊन टाकायचं चाललंय."

"कुणाला?"

"पोराला रे! आणखी कुणाला? मेलं म्हणून सांगतील दनतियेला." एवढं बोलून ती गेलीसुद्धा. तिला तरी काय, पाच घरची बाळंतपणं आणि वरचं पाणी भरणं.

तागी पखालीला ठिगळ लावत होता. ते त्यानं पुरं केलं, दोरा दातानं तोडला, वरून डांबर फासलं. त्याला घाई नव्हती असं नाही, पण हातातलं काम अर्धवट टाकून उठण्याइतकी ताकद त्याच्यात आताशा राहिली नव्हती. पन्नाशी उलटलेली, बायको शारेली जाऊन सहा वर्षं झालेली. सकाळी उठायचं, झऱ्यावरच्या बायकांच्या फुटक्या पखाली शिवायच्या, जवाची भाकर पाण्यात बुडवून खायची आणि पडायचं. आम्ही खालच्या आळीचे लोक सगळे असेच झालोत म्हणा. गाव आपलं होतं तेव्हा त्याचं नाव यबूस होतं. आता राजानं त्याला स्वतःचं नाव दिलंय, आणि आम्ही आमच्याच गावात भाड्यानं राहिल्यासारखे राहतो.

तागीनं शेळीच्या कोवळ्या कातड्याच्या दोन मऊ पट्ट्या कापल्या, कमरेला खोचल्या, कुबडी घेतली आणि वरच्या गावाची चढण चढायला लागला. व्याह्याच्या घरी तो आजवर एकदाही गेला नव्हता. जायची सोयच नव्हती. गाव जिंकून घेतलेल्या यहूदाच्या लोकांच्या घरात लंगडा आणि आंधळा घेत नाहीत.

का घेत नाहीत, ते आमच्यापैकी लहान पोरालाही माहीत आहे. तीस वर्षांपूर्वी ते लोक गावाखाली वेढा घालून बसले, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना भारी मस्ती चढलेली. आमची भिंत केवढी उंच, आम्हाला कोण हात लावतोय! त्यांनी गावातले सगळे आंधळे-लंगडे गोळा केले आणि भिंतीवर उभे केले. म्हणे, तुमच्यासाठी शिपाई कशाला, एवढे पुरेत. काय ही अक्कल! शत्रू झऱ्याच्या भुयारातून आत शिरला, गाव पडलं, आणि वडीलधारे केव्हाच मेले. जिंकणाऱ्यांचा राग उरला तो आंधळ्या-लंगड्यांवर.

तागी तेव्हा विशीतला. "मला ओढत नेलं हो, मी कसला जातोय," असं तो पुढं सगळ्यांना सांगायचा. शारेलीलाही त्यानं तेच सांगितलं, लेकीलाही तेच. खरं काय ते त्याचं त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कुणी पोटभर अंजिरं दिली होती. वर गेल्यावर तो भिंतीच्या अगदी कडेला सरकला होता आणि खाली बघून ओरडला होता, "अरे, माझा चांगला पाय मी घरीच ठेवून आलोय! तुमच्यासाठी हा वाकडाच बक्कळ!" सगळं गाव पोट धरून हसलं होतं. आयुष्यात तेवढं सुख त्याला परत मिळालं नाही. आणि त्या सुखाची लाज त्याला तीस वर्षं वाटत होती.

दनतियेचं लग्न जमलं तेही पखालीवरूनच. हेलेसचा मुलगा पेलेत पखाल शिवायला आला आणि मग न फाटलेल्या पखालीही घेऊन यायला लागला. पोरगं सरळ होतं, पण या घडीला राजाच्या चाकरीवर बाहेरगावी होतं. लग्न खळ्यावर, उघड्यावर लागलं, म्हणून बापाला लेकीचं लग्न तरी बघायला मिळालं. त्यानंतर दर पुनवेला तीच खाली यायची, बापाच्या डोक्याला तेल लावून जायची.

चढणीवर तो चारदा बसला. चौथ्यांदा बसला तेव्हा त्याला वाटलं, उठूच नये. ऊन चढलेलं, बगलेत कुबडी रुतून कातडी सोललेली. वर जाऊन तरी काय होणार? ते दारातच उभं करणार. पण त्याची आई जन्मभर एकच म्हणत गेली होती, "तुझा पाय पहिल्या आठवड्यातच बांधायला हवा होता रे. मी दोन महिने रडण्यातच घालवले." तो उठला.

हेलेसच्या दारात हेलेसची बायको अबीहाईल मसूर निवडत होती. तागीला बघून तिचे हात थांबले.

"विहीणबाई, आत येत नाही मी. घाबरू नका."

"घाबरतंय कोण?" ती म्हणाली, पण सूप बाजूला ठेवून उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "कोण बोललं तुम्हाला? ती सुईण ना? जिभेला हाड नाही तिच्या. बसा तिथं भिंतीला टेकून. पाणी देते."

तिनं पाणी बाहेर आणून दिलं. समोरच्या माडीवरून एक शेजारीण ओणवी झाली. "अबीहाईल, कोण गं आलंय?"

"पखालवाला!" अबीहाईल ओरडली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माफ करा हो. पण काय सांगू?"

"खरंच आहे की. पखालवालाच आहे मी," तागी म्हणाला. "पोराला बाहेर आणा. पाय बांधायचा आहे. नंतर तुम्हाला काय करायचं ते करा."

अबीहाईलनं गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. मग आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेलं पोर घेऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. तागी बाहेरच्या बाजूला. पोर झोपेत होतं. एवढासा पाय, अंजिराच्या कच्च्या फळाएवढी टाच, आणि तळवा आत वळलेला.  तागीनं बोटाला तेल मागून घेतलं.

"जोर लावायचा नाही. रडलं तर थांबायचं. असा हळूहळू बाहेर फिरवायचा, आणि जिथवर आपण होऊन येईल तिथंच बांधायचा. रोज सोडायचा, चोळायचा, पुन्हा बांधायचा. वर्षभर."

"वर्षभर!"

"मला चाळीस वर्षं कुबडी आहे, विहीणबाई."

 तागीनं पट्टी घातली, सोडली आणि तिच्याकडून एकदा बांधून घेतली. तिचे हात चांगले होते. दोन मुलं पुरलेल्या बाईचे हात होते ते, पोराला कसं धरायचं ते त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

तेवढ्यात हेलेस आला. राजाच्या जुन्या तुकडीतला गडी, आता केस पिकलेला, गुडघे गेलेला. त्यानं उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसलेली दोघं बघितली, गल्लीकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग तोही बाहेरच, तागीच्या शेजारी, धप्पकन बसला.

"व्याही, कशाला आलात हो तुम्ही?"

"एक सांगायला आलो." आणि तीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तागीनं सांगून टाकलं. "भिंतीवरून ती शिवी मी दिली होती. चांगला पाय घरी ठेवलाय, ती. मला कुणी ओढत नेलं नव्हतं. हौसेनं गेलो होतो. पोरानं काय केलंय? राग माझ्यावर काढा."

हेलेस दाढी खाजवत राहिला. "ते तुम्ही होतात?" मग त्याचे खांदे गदगद हलताना बघून तागीला वाटलं, म्हातारा रडतोय की काय. हेलेस हसत होता. "अहो, आम्ही खाली होतो. आम्हीही हसलो होतो! ते जेव्हा राजाच्या कानावर गेलं ना, तेव्हा हसणं बंद झालं."

हसू फार टिकलं नाही. दोघंही दमलेले. समोरची शेजारीण अजून माडीवर होती.

"मेंढपाळांना नाही देत," हेलेस शेवटी म्हणाला. अबीहाईलनं मान वर केली. "हो, नाही देत. आपलं रक्त आहे. बाहेरचा लंगडा आत यायचा नाही, एवढाच नियम. हा आत जन्मलाय. सांगू लोकांना, बाळंतपणात अडला, पाय दुखावला, बांधलाय, होईल बरा."

तागीला रडू आलं. त्यानं ते अडवलंही नाही.

"पण व्याही," हेलेस त्याच्याकडं न बघता म्हणाला, "तुम्ही पुन्हा या गल्लीत यायचं नाही. दनतियाही खाली यायची नाही, पोरही नाही. तुम्ही आणि पोर एकत्र दिसलात की लोक तुमचा पाय बघतील, मग त्याचा बघतील. मग माझं काही चालायचं नाही."

"किती दिवस?"

"सांगितलं ना."

"पाय सरळ झाला तरी?"

 अबीहाईलनं पोराला छातीशी धरलं आणि ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी बांधीन हो रोज. शपथ आहे मला."

"बरं," तागी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. झोपेतून उठलेला, बारीक. "आबा? आबाच बोलताहेत ना? आबा, थांबा. मी येते बाहेर."

"अगं, बाळंतिणीनं उठायचं नाही!" अबीहाईल ओरडली. आत अंथरूण सरकल्याचा आवाज झाला.

तागी कुबडीवर भार देऊन उठला. त्याला लेक माहीत होती. बापाला या दारात यायची बंदी झाली हे कळलं, तर ती पोराला काखोटीला मारून त्याच्यामागून खाली येईल. मग पोराला ना बाप, ना घर, ना गावात नाव.

"तिला सांगा," तो घाईनं म्हणाला, "आबा येऊन गेले. पोराचा पाय बघितला आणि म्हणाले, असला नातू मला नको. रागानं निघून गेले म्हणावं."

"अहो, असं कसं सांगू मी तिला?" अबीहाईल म्हणाली.

"सांगा. तरच ती इथं राहील."

दारापासून गल्लीच्या वळणापर्यंत वीस पावलं असतील. धडधाकट माणसाला काय लागतंय? तागी कुबडी टाकत, पाय ओढत, भिंतीला खांदा घासत निघाला. मागं अबीहाईल सुनेला अडवत होती, सून ऐकत नव्हती. वळणाच्या पलीकडं पोचल्यावर तो पायरीवर कोसळल्यासारखा बसला आणि कुबडी वाजू नये म्हणून मांडीवर आडवी धरली.

"आबा!" दनतिया दारात आली होती. "आबा, अहो, कुठं गेलात?"

तिनं तीनदा हाक मारली. तागीनं ओ दिली नाही.