नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी

गजेंद्र नाशिकचा. दोह्यात वर्ल्ड कपच्या स्टेडियमचं काम घेतलेल्या एका कंपनीत नऊ वर्षं साइट इन्स्पेक्टर होता. त्याच्या हाताखाली शिकलेला सागर तिसऱ्याच वर्षी त्याचा साहेब झाला, तेव्हा सगळ्यांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना.

सागरचं अरबी बरं, गोरे इंजिनियर त्याला नावाने हाक मारायचे. दोह्यातल्या मुऐदर भागातल्या घरी त्याची बायको नीलांबरीसुद्धा म्हणायची, "अहो, सागरभावजी बघा, कसे कधी चिडत नाहीत!" गजेंद्र ताटावरून उठायचा.

एका पहाटे मोठ्या स्लॅबचं काँक्रीट पडायचं होतं. आदल्या संध्याकाळी गजेंद्रने सागरच्या फाइलमधले सह्या झालेले तपासणीचे कागद काढून स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवले. सागरला चारचौघांत दोन शब्द ऐकावे लागावेत, एवढंच त्याच्या मनात होतं. पण कागदांशिवाय कामावर देखरेख करणारा कन्सल्टंट काँक्रीट टाकू देईना. मिक्सरच्या गाड्या ऊन चढेपर्यंत रांगेत उभ्या राहिल्या आणि आतला माल फेकून द्यावा लागला. चौकशी झाली. कॅमेऱ्यात गजेंद्र दिसला, लॉकरमध्ये कागद सापडले.

एचआरच्या विजयकुमारने पत्र पुढे सरकवलं. "गैरवर्तन के लिए निकाला है, गजेंद्रभाई. नोटीस नहीं, ग्रॅच्युइटी भी खलास."

नीलांबरीने पत्र दोनदा वाचलं. त्या पैशांवर नाशिकचा फ्लॅट उभा राहायचा होता.

"सागरभावजींनी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

गजेंद्रने पत्राची घडी करून खिशात घातली.

दोन दिवसांनी सागरच दारात आला. "गजेंद्रदादा, मी वर अर्ज दिलाय. नऊ वर्षांची नोकरी बघून ग्रॅच्युइटी तरी द्या म्हणून."

नीलांबरीने डोळे पुसत त्याला चहा दिला. गजेंद्र खिडकीकडे तोंड करून बसला. शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. हा माणूस चांगुलपणातही पुढे निघून गेला, याने त्याच्या जिवाची आग आग झाली.

अर्ज नामंजूर झाला. महिनाअखेरीस सागरनेच दोघांना विमानतळावर सोडलं, बॅगा ट्रॉलीवर चढवल्या, नीलांबरीला म्हणाला, "वहिनी, पोचल्यावर कळवा."

माफी मागायची म्हणून गजेंद्र वाटभर शब्द जुळवत आला होता. "सागर," त्याने हाक मारली.

"बोला ना, दादा."

सागरच्या हातात गाडीची किल्ली होती. गाडी कंपनीची, नवी कोरी, साहेब लोकांना मिळते तसली. गजेंद्रची नजर त्या किल्लीवरच खिळली.

"काही नाही. तुला उशीर होईल," तो म्हणाला, आणि ट्रॉली ढकलत आत गेला.