चौकशीकाकूंनी न नेलेलं मूल

चौकशीकाकू कुणाच्याही दारात गेल्या की आधी प्यायला पाणी मागायच्या. ब्राह्मणाच्या विधवेनं गिरणीच्या चाळीतलं पाणी प्यायचं म्हणजे त्या काळी सोलापूरभर चर्चा. काकू तांब्या रिकामा करूनच बोलायला सुरुवात करत. "ज्यांच्या घरचं पाणी चालत नाही, त्यांच्या लेकराची चौकशी कुठल्या तोंडानं करू?" असं त्यांचं म्हणणं.

टाकलेल्या, हाल होणाऱ्या मुलांना आश्रमात नेणाऱ्या एका मंडळाचं काम त्या करायच्या. खरं नाव चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरांनी दंगा केला की आया धाक घालायच्या, "थांब, चौकशीकाकूला बोलावते." बाई तोंडाच्या फटकळ होत्या, पण धाक वाटावा अशा मुळीच नव्हत्या.

वडील तापानं गेले आणि आई गिरणीत लागली. घरी मी आणि तान्हा किसन. भोंगा व्हायच्या आधी आई त्याच्या जिभेवर बाजरीएवढी अफू ठेवायची. चाळीतल्या बहुतेक बायका ठेवायच्या आणि तिला बाळगोळी म्हणायच्या. पोरं दिवसभर निजून राहायची. एकदा मात्र किसन संध्याकाळी डोळेच उघडेना. कसाबसा शुद्धीवर आला, पण बातमी मंडळात पोचली. आईच्या सुट्टीच्या दिवशी काकू आल्या, बरोबर मंडळाचे तरुण चिटणीस.

"आईच विष घालते, आणखी काय बघायचं?" चिटणीस म्हणाले. "आजच आश्रमात नेऊ."

आईनं किसनला छातीशी आवळलं. "खाडा झाला की काम जातंय, बाई. मग ह्या दोगांला काय घालू? पोर न्हेऊ नका." मी तिच्या लुगड्याआड उभी होते.

काकू चिटणिसांना म्हणाल्या, "होटगीचं एक पोर मी असंच घाईनं नेलं होतं. आश्रमात गुटगुटीत झालं. आई भेटायला आली, तर स्वयंपाकिणीच्या मागं लपलं. ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही." मग आईकडे वळल्या. "अफू दे इकडं. उद्यापासून कामावर जाताना पोर माझ्या ओसरीवर आणायचं, सुटल्यावर न्यायचं. पुन्हा गोळी दिलीस तर मात्र मी ऐकायची नाही."

चिटणीस छत्री उचलून बाहेर पडले. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच फतकल मारून बसले.

अफू सुटल्यावर किसननं काकूंची ओसरी डोक्यावर घेतली. काकू त्याला खांद्यावर टाकून येरझारा घालायच्या, दिरांची कुरकुर या कानानं ऐकून त्या कानानं सोडायच्या. पहिल्या संध्याकाळी त्याचा टाहो ऐकून आई धावतच आली. "रडू दे गं," काकू म्हणाल्या, "जागा आहे म्हणून रडतोय." पुढं चाळीतली आणखीही पोरं त्या ओसरीवर रांगली.

किसन शाळेत जायला लागला त्या सुमारास काकू भावाकडे मिरजेला कायमच्या निघाल्या. आम्ही तिघं सकाळीच स्टेशनवर पोचलो. आईला बघून काकू चमकल्या.

"अगं, आज खाडा केलास?"

"व्हय," आई म्हणाली. "भोंगा रोजच होतोय की. तुमी काय रोज जाणार हाय का?"